बाईंची तबकडी

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“नोकरी, मुलं आणि ब्लडप्रेशर सोडून कशावरही दहा मिनिटं बोल,” असं मला संयोजकांनी सांगितलंय. एवढं सगळं सोडल्यावर माझ्याकडे फक्त रेकॉर्डच उरतात. मी जुन्या रेकॉर्ड जमवते. दोनशेच्या आसपास आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त हार्डकोअर पंक नावाच्या प्रकारातल्या आहेत. माझ्या सासूबाई त्याला ‘भांडण’ म्हणतात. “आज भांडण लावणार आहेस का गं? म्हणजे मी तेवढ्यात देवळात जाऊन येते.”

त्यांचं अगदीच चुकत नाही. हार्डकोअरमधलं गाणं मिनिट-दीड मिनिटाचं, गिटार भरधाव, आणि गाणारा ओरडत असतो. मला ते का आवडतं, हे आपल्या वर्गाला सांगायला नको. समूहगानाच्या स्पर्धेच्या वेळी गाण्याच्या बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि कानाशी येऊन सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.” आपल्याला तेव्हा दुसरा नंबर मिळाला. मी आवाज काढला असता तर तोही गेला असता.

पुढे २००६ ते २००९ मी कंपनीच्या कामासाठी वॉशिंग्टनजवळ होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे तिथल्या रेकॉर्डच्या दुकानांत जायला लागले आणि एक गोष्ट कळली. त्या शहरात शाळेपासूनच्या मित्रांचा टीन आयडल्स नावाचा बँड होता. १९८० साली तो फुटला. कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे शिल्लक होते. वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून स्वतःची रेकॉर्ड काढली. सात इंची, आठ गाणी, १००० प्रती. कुठली कंपनी आपल्याला विचारणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्यांच्यातल्या इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी आपलीच कंपनी काढली, डिस्कॉर्ड. (मुलांच्या त्या चॅटिंगच्या ॲपचा याच्याशी काही संबंध नाही. माझ्या मुलाने मला हे तीनदा विचारलंय.) रेकॉर्डची पाकिटं कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग एका इंग्लिश रेकॉर्डचं पाकीट उसवून त्यांनी त्याचा नमुना काढला आणि सगळी पाकिटं हातांनी कापून, दुमडून, चिकटवून तयार केली. ही कंपनी आजही चालू आहे. नुसते ओठ हलवायला नकार देणारी ही पोरं मला एकदम आपली वाटली.

आता बाईंकडे येते. तबला-पेटीच्या खोलीतल्या, आपल्या गाण्याच्या बाई. आज त्या आलेल्या नाहीत. ऐंशी पार केलीय, जिने चढवत नाहीत. मी आज हे बोलणार आहे, ते त्यांना विचारून बोलतेय.

२०१४ साली मला त्यांचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं की माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कपाटातून जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक तबकडी काढली. दहा इंची, काळी, ७८ फेऱ्यांची. लेबलवर ‘यंग इंडिया’ आणि खाली त्यांच्या आईचं माहेरचं नाव. एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला नाट्यपद.

आई गात होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या अठरा वर्षांच्या असताना, १९४०-४१च्या सुमारास, मुंबईला जाऊन त्यांनी ही एक रेकॉर्ड केली. पुढल्या वर्षी लग्न झालं. सासरी बायकांनी बाहेर गाणं चालणारं नव्हतं, त्यामुळे विषय संपला. तबकडी ट्रंकेच्या तळाशी गेली. घरात फोनो नव्हता. समोरच्या बिऱ्हाडात होता, तिथे लहानपणी एकदाच बाईंनी ती ऐकली होती, तीही सासरे गावाला गेलेले असताना. “दोन्ही बाजू ऐकल्या होत्या,” बाई म्हणाल्या. “नाट्यपद जास्त चांगलं होतं. आईने त्यात एक जागा घेतलीय, ती मला आठवते, पण गळ्यातून निघत नाही.”

यंग इंडियाबद्दल तेव्हा मला काही माहिती नव्हती. आता आहे. मुंबईची नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३५ ते १९५५ या काळात या नावाने रेकॉर्ड काढत होती. समोर कुत्र्याचं चित्र असलेली बलाढ्य एचएमव्ही. मोठी नावं तिच्याकडे. मग या देशी कंपनीने नवखे, हौशी, कुणाशी करार नसलेले लोक गाठले आणि त्यांच्याकडून गाऊन घेतलं. दहा हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं झाली. त्यातल्या कितीतरींच्या पुढे ना कॅसेट निघाल्या, ना सीडी. मुंबईत १९९०पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. तिथल्या सुरेश चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून या लेबलच्या रेकॉर्डचं डिजिटायझेशन केलं, तेही लोकांच्या खाजगी संग्रहांतून गोळा करून. कंपनी बंद पडल्यावर जे उरलं ते लोकांच्या माळ्यांवर आणि ट्रंकांमध्येच होतं. हे वाचताना मला सारखी ती वॉशिंग्टनची पोरं आठवत होती.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

तबकडी घरी आणली. जुन्या वाड्यातली ओल खाल्लेली होती, खाचांत बुरशी. माझा नियम असा की धुतल्याशिवाय सुई टेकवायची नाही. माझ्या पंकच्या रेकॉर्ड मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या मिश्रणाने धुते. त्या व्हिनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या. अल्कोहोलने त्यांना काही होत नाही. त्याच हाताने मी बाईंच्या तबकडीच्या वरच्या बाजूवर तेच मिश्रण ओतलं, बुरशी जास्त होती म्हणून थोडं कडक केलेलं, आणि मुरू द्यावं म्हणून दोन मिनिटं थांबले. कापूस फिरवला तर तो तपकिरी-काळा झाला. मला वाटलं, केवढा मळ निघतोय! खूश होऊन दुसरा बोळा घेतला. तोही काळा. मग दिव्यासमोर धरली, तेव्हा दिसलं की चकाकी गेलीय. मळ नव्हता तो. तबकडीच निघत होती.

७८ची तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर करतात, त्यापासून चपडा होतो. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून या तबकड्या दाबून काढत. आणि चपडा कशात विरघळतो? आपल्याकडे जुन्या कपाटाला पॉलिश करायला येणारा कुठलाही सुतार सांगेल: स्पिरिटमध्ये. बाटलीत चपडा आणि स्पिरिट घालून तो हलवताना मी लहानपणी शेजारी बसून पाहिलेलं आहे. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत चांगले मार्क होते. ७८ धुवायची तर थंड पाणी, साध्या साबणाचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवायचं. बस.

वरची बाजू होती नाट्यपदाची.

मी आठ दिवस बाईंना खोटं सांगितलं. “सुई यायचीय, बाई.” अर्धं खरं होतं ते. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी लोळत राहते, जवळजवळ तिप्पट जाड टोकाची लागते, आणि ती मी बाहेरून मागवली होती. सुई आली. नाट्यपदाची बाजू लावली. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज आणि त्याच्या खूप खाली कुणीतरी बाई गातेय एवढं कळत होतं. माझ्याकडे जेवढी सॉफ्टवेअर होती तेवढी चालवली. आवाजातली खरखर काढायला गेलं की गाणंही जातं. दोन शब्द सुटे झाले, बाकी काही नाही.

नवव्या दिवशी मी जाऊन सांगितलं. अशा गोष्टींत पुढे समोरचं मोठं माणूस “जाऊ दे गं” म्हणतं. बाई तसं म्हणाल्या नाहीत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माहीत नव्हतं तर आधी कुणाला तरी विचारायचं होतंस.” चहा केला नाही. मीही लगेच निघाले.

पंधरा दिवसांनी त्यांनीच फोन केला. “दुसरी बाजू तरी ऐकव.”

लॅपटॉप घेऊन गेले. भावगीताची बाजू मी फक्त पाण्याने धुतली होती, बरीच स्वच्छ उतरली होती. तीन मिनिटं आणि थोडी वर. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “ही आई नाही.” माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी पेटी ओढली, सूर धरला. “ही काळी पाचात गातेय. आई पांढरी सहात गायची, शेवटपर्यंत. हे वर चढलंय.” ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा वेग त्या काळात बिनचूक ७८ असेच असं नाही, हे मला ठाऊक होतं. पण खरा वेग किती होता हे तबकडीवर कुठेच लिहिलेलं नसतं. एक पट्टी उतरवायची म्हणजे वेग साधारण सहा टक्क्यांनी कमी करायचा. मी ७८चे ७३.६ केले आणि पुन्हा लावलं.

आवाज भरला. थोडा संथ, थोडा वयाने मोठा झाला. बाईंनी पेटीवरचा हात काढला नाही. दुसऱ्या कडव्याला त्या सोबत गायला लागल्या. ऐंशीच्या दशकातली आपली शाळेची गॅदरिंग ज्यांना आठवतात त्यांना तो आवाज आठवेल. मी लहानपणीच्या शिस्तीने गप्प बसले. त्या दिवशी चहा मिळाला.

तेव्हापासून मी दुसरी प्रत शोधतेय. अशी रेकॉर्ड एकच काढत नसत, म्हणजे कुठेतरी असायला हवी. डिजिटायझेशनच्या याद्यांत हे नाव मला सापडलं नाही. बुधवारी रजा मिळत नाही, म्हणून रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाते. तिथले दोन विक्रेते आता मला ओळखतात. ‘यंग इंडिया’ दिसली की बाजूला काढून ठेवतात. अशा एकवीस मिळाल्या. त्यातल्या बऱ्याच गायकांची नावं मी कुठेच वाचलेली नाहीत. सगळ्या पाण्याने धुतल्या, वाजवून ठेवल्या. त्यांचा खरा वेग सांगणारं कुणी नाही. आणि हो, बीटल्सच्याही ७८ साठच्या दशकात भारतात निघाल्या होत्या. कुणाच्या माळ्यावर त्या निघाल्या तर आधी मला सांगा आणि मग किंमत ऐकून बसा.

आता कामाचं. आपल्यापैकी निदान दहाजणांचे वाडे किंवा जुन्या सोसायट्या सध्या रिडेव्हलपमेंटला गेल्यात, हे ग्रुपवर रोज वाचते. माळे रिकामे होतायत. जड काळ्या तबकड्या रद्दीवाल्याला किलोवर जातात, नाहीतर एकावर एक आडव्या रचून ट्रकमध्ये फुटतात. फेकण्यापूर्वी एकदा लेबल बघा आणि फोटो पाठवा. उभ्या ठेवा. पुसू नका, कशानेही पुसू नका. बाईंच्या आईंचं माहेरचं नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक मी चिठ्ठ्यांवर लिहून आणलाय, चहाच्या टेबलावर ठेवलाय.

उद्या रविवार आहे. मी नऊ वाजता कुंभारवेशीपाशी असेन. कुणाला यायचं असेल तर आजच सांगा, गाडीत तिघांची जागा आहे.