वैनगंगेचा पूर आणि जगभरच्या खासदारांची बैठक

(भंडारा येथे युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



समोर बसलेल्या बहिणींनो, भावांनो आणि मागच्या रांगेतल्या बुजुर्गांनो, आयोजकांनी मला विषय दिला आहे : "जगासमोरचे प्रश्न आणि वेगवेगळ्या देशांच्या खासदारांचे सहकार्य". विषय ऐकून एका मित्राने विचारलं, "भाई, भंडाऱ्यात बसून जिनिव्हाच्या गोष्टी कशाला? इथे नालीचं बोला ना." त्याचं म्हणणं मला पटतं. म्हणून नालीच्या थोडं पुढे, नदीपासून सुरुवात करतो.

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा आठवा. लॉकडाऊनमुळे मी घरूनच काम करत होतो. रोवणी आटोपली होती, बांध्या हिरव्यागार होत्या. वैनगंगा फुगली आणि बघता बघता शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडावी लागली. आपल्या मोहल्ल्यातली पोरं रात्रभर लोकांचं सामान वरच्या मजल्यावर नेत होती. कुणाचं घर कोणाचं, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही.

त्या रात्री सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : इथे एवढा पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून? पाणी आलं होतं वरून. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तिथे संजय सरोवर धरण आहे. तिथून बालाघाट, मग आपण, आपल्या खाली गडचिरोली, आणि शेवटी प्राणहिता होऊन ती गोदावरीला मिळते. वरच्या राज्यात किती पाणी सोडलं आणि ते आपल्याकडे किती वाजता पोहोचणार, हे वेळेत कळलं तर धान नाही वाचणार, पण जनावरं वाचतील, घरातलं धान्य वाचेल. म्हणजे भंडाऱ्याचा माणूस सुरक्षित राहायचा तर दोन राज्यांच्या सरकारांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. आणि ते बोलत नसतील, तर दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींनी त्यांना बोलायला लावलं पाहिजे.

आता राज्यांच्या जागी देश ठेवा. हवामान बदल, साथीचे रोग, युद्धातून पळालेले निर्वासित, कृत्रिम बुद्धिमत्ता : यातलं काहीही सीमेवर थांबून पासपोर्ट दाखवत नाही. सरकारं आपापसात बोलतात, करार करतात. पण सरकार म्हणजे त्या देशाची सगळी जनता नव्हे. विरोधी पक्षाला मत देणारे लोकही त्या देशाचेच असतात. त्यांच्या वतीने कोण बोलणार?

हाच प्रश्न १८८९ मध्ये दोन माणसांना पडला. एक इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर, दुसरे फ्रान्सचे अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक पासी. क्रेमर मूळचे सुतार, कामगार चळवळीतून वर आलेले. दोघे आपापल्या संसदेचे सदस्य. देशांमधली भांडणं तोफांऐवजी लवादाने सोडवावीत, यासाठी त्यांनी काही देशांच्या खासदारांना पॅरिसला एकत्र बसवलं. त्यातून आंतरसंसदीय संघ जन्मला. पासींना १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल विभागून मिळालं, क्रेमरना १९०३ चं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अर्धशतकाहून आधीची ही संस्था आजही जिनिव्हातून चालते. १८० हून अधिक देशांच्या संसदा तिच्या सदस्य आहेत. भारत १९४९ पासून आहे.

आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की या संघाच्या अध्यक्षपदी बसलेली पहिली महिला भारतीय होती, मुस्लिम होती, आणि त्या वेळी राज्यसभेत महाराष्ट्राची प्रतिनिधी होती? डॉ. नजमा हेपतुल्ला. ऑक्टोबर १९९९ मध्ये बर्लिनला त्यांची निवड झाली. राज्यसभेचं उपसभापतिपद त्यांनी सोळाहून अधिक वर्षं सांभाळलं. २००० साली जगभरच्या संसदांचे अध्यक्ष न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात पहिल्यांदा एकत्र जमले, त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. पुढे त्यांनी पक्ष बदलला, मंत्री झाल्या, मणिपूरच्या राज्यपाल झाल्या. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, तो तुमचा हक्क. पण "आपल्या लोकांना तिथपर्यंत कोण पोहोचू देतं" असं म्हणणाऱ्याला हे नाव जरूर सांगा.

आता तिथे नेमकं होतं काय? खरं सांगतो, तिथे झालेले ठराव कुठल्याही सरकारवर बंधनकारक नसतात. अमेरिकेची काँग्रेस तर कित्येक वर्षांपासून सदस्यच नाही. खासदारांची परदेशवारी असाही आरोप होतो, आणि कधीकधी तो खराही असतो. तरी तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, या संघाची एक समिती १९७६ पासून छळ झालेल्या खासदारांची प्रकरणं हाताळते. मलेशियाचे अन्वर इब्राहिम तुरुंगात होते, तेव्हा त्यांचं प्रकरण या समितीने वर्षानुवर्षं लावून धरलं. ते २०२२ मध्ये पंतप्रधान झाले. समितीने त्यांना सोडवलं असा माझा दावा नाही. पण तुरुंगातल्या माणसाची फाइल जगात कुठेतरी उघडी आहे, याला किंमत असते.

दुसरी, बायकांचा सहभाग. एखाद्या देशाने लागोपाठ तीन अधिवेशनांना फक्त पुरुष किंवा फक्त महिला पाठवल्या, तर संघात त्याची मतं कमी होतात. कोणत्या संसदेत किती महिला आहेत याची यादीही हा संघ ठेवतो. २०२४ मध्ये आपल्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. जगाची सरासरी याच्या जवळपास दुप्पट आहे. आपल्या मशिदींच्या कमिट्यांचं आणि अंजुमनांचं तर मी बोलतच नाही.

तिसरी, कायदे एकमेकांकडून शिकता येतात. हे मी अनुभवाने सांगतो. २०१६ मध्ये युरोपच्या संसदेने माहितीच्या गोपनीयतेचा कायदा मंजूर केला आणि २५ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्या कायद्याला मत देणाऱ्या एकाही खासदाराला मी निवडून दिलेलं नाही. तरी युरोपातल्या ग्राहकांसाठी लिहिलेला माझा कोड मला बदलावा लागला. माणसाची माहिती विचारून घ्यायची, मागितली तर पुसून टाकायची. मग आपल्याकडे असा कायदा कधी, हा प्रश्न आम्हा इंजिनिअरांना पडला. तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात सरकारला किती सूट असावी, यावर वाद आहे. पण तो वाद घालायला बाहेरची तुलना हाताशी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही आंतरसंसदीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठराव केला. ज्या यंत्राने उद्या तुमचं कर्ज मंजूर-नामंजूर होईल, तुमचा चेहरा ओळखला जाईल, त्याचे नियम फक्त कंपन्यांनी लिहू नयेत, असं मला त्या धंद्यात असूनही वाटतं, किंबहुना त्या धंद्यात असल्यामुळे वाटतं.

आता आपल्या संसदेकडे या. आपल्या राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय करार करण्याचं काम सरकारचं आहे. करार संसदेकडून मंजूर करून घ्यावाच लागतो असं नाही. पॅरिस हवामान कराराला भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी अधिकृत मान्यता दिली, ती मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. मात्र करार अमलात आणायला कायदा लागला, तर कलम २५३ खाली संसद तो करू शकते. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत पर्यावरणाबद्दल जे ठरलं, त्याच आधारावर आपला १९८१ चा हवा प्रदूषणाचा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा उभा आहे. राइस मिलच्या धुराची तक्रार तुम्ही ज्या कायद्याखाली करता, त्याचं एक मूळ स्वीडनमध्ये आहे!

राइस मिलचं नाव निघालं म्हणून सांगतो. जुलै २०२३ मध्ये सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली केली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. एका अधिसूचनेने इथल्या धानाच्या बाजाराचा हिशोबही बदलतो आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गरिबाच्या ताटाचाही. देशातल्या ग्राहकाला भात स्वस्त मिळावा, ही सरकारची बाजू चूक नव्हती. पण शेतकरी, ग्राहक आणि परदेशातला भुकेला, या तिघांचा तोल कसा साधायचा, ही चर्चा व्हायची जागा संसद आहे. आणि धानाच्या जिल्ह्याच्या खासदाराने ती सुरू करायला हवी.

कुणी म्हणेल, जिल्ह्याच्या खासदाराचा परदेशाशी काय संबंध? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत ते परराष्ट्र धोरणावर बोलले, तिबेटवर, चीनवर. महाडच्या पाण्यासाठी लढलेला माणूस आंतरराष्ट्रीय राजकारण दुसऱ्याचं समजत नव्हता.

आपण मात्र समजतो. मला आज मुख्य हेच बोलायचं आहे. २०२४ मध्ये लोकसभेत २४ मुस्लिम खासदार निवडून आले आणि महाराष्ट्रातून एकही नाही. हे दुखतं, दुखायलाच पाहिजे. पण त्यातून "तिथे आपलं कोणी नाही" असा निष्कर्ष काढून आपण घरी बसतो. भंडारा-गोंदियाचा खासदार, त्याचं नाव काहीही असो, तुमचाही खासदार आहे. तो तुमची अमानत घेऊन दिल्लीला गेला आहे. अमानतीचा हिशोब मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

आणि हिशोब मागायला आपल्याला येतं. वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीकडे बाजूने आणि विरोधात मिळून सुमारे ९७ लाख निवेदनं गेली. त्यात आपल्यातल्या अनेकांची होती. कायदा तरीही झाला, म्हणून काहींचं मन उडालं. पण मला दुसरीच गोष्ट खटकते. ती एवढी ताकद पुराच्या इशाऱ्यासाठी, डेटा कायद्यासाठी, धानाच्या भावासाठी एकदाही का दिसली नाही? आपण फक्त स्वतःच्या मसल्यासाठी दार ठोठावतो, तेव्हा आतल्या माणसाला वाटतं, यांचं यांचं चाललंय.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) प्रेषित्व मिळण्याआधी मक्केत 'हिल्फुल फुदूल' या करारात सामील झाले होते. येमेनच्या एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे एका बड्या माणसाने बुडवले, तेव्हा निरनिराळ्या घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमले आणि त्यांनी अत्याचारिताच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. करार करणारे मुस्लिम नव्हते, व्यापारीही मक्केचा नव्हता. तरी त्या कराराबद्दल प्रेषितांनी पुढेही आदरच व्यक्त केला. कुरआनातल्या एका सूरहचं नावच 'अश-शूरा', म्हणजे सल्लामसलत. आपला वारसा हा आहे.

मग सोमवारपासून काय करायचं? तीन कामं. एक, संसदेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराने विचारलेले प्रश्न वाचा. पाऊण तास लागतो. दोन, चार-पाच जणांनी मिळून एक प्रश्न लिहा आणि खासदाराच्या कार्यालयात नेऊन द्या : वैनगंगेच्या खोऱ्यात दोन राज्यांमध्ये पुराची माहिती किती वेळात पोहोचते? पोच घ्या. उत्तर नाही आलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा. सोबत शेतकरी घ्या, शेजारच्या वस्तीतली पोरं घ्या. तीन, राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होणाऱ्या संसदीय अभ्यासवर्गाची चौकशी कॉलेजात करा. तो राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा घेते. हे मंडळ १९११ पासूनचं, जगभरच्या विधिमंडळांचं. म्हणजे भंडारा, तुमसर, साकोलीचे आमदारही एका आंतरराष्ट्रीय मंडळींत बसतात. जिनिव्हाला जायची गरज नाही, नागपूरपर्यंत एसटी जाते.

पुराच्या रात्री कुणी कुणाला जात-धर्म विचारला नव्हता. मात्र पाणी ओसरल्यावर प्रश्न विचारायलाही कुणी गेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ते काम राहिलं आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आधी करून टाकू.