कुंडीतला माड

पाम हा शब्द परका असला, तरी ते कूळ आपल्याला परके नाही. नारळ, पोफळ, ताड, शिंदी हे सारे पामच. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ज्या झाडाला तुम्ही पाहुणा समजून जपता, ते माडाच्या भाऊबंदांतले आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतात.

मी शिकवतो मराठी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध एका अपराधापुरता. आजोळहून आणलेला भेरली माड, म्हणजे तो माशाच्या शेपटीसारख्या पानांचा, आमच्या गॅलरीत सात वर्षे वाढून छताला टेकला. जास्वंद छाटावी तसा मी त्याचा शेंडा छाटला आणि बाजूंनी फुटवे येतील म्हणून दीड महिना पाणी घालत राहिलो. आई कोकणातली. ती आली, तिने एकवार पाहिले आणि म्हणाली, “अरे, मुंडकं उडवलंस नि आता पालवीची वाट बघतोस होय?”

जास्वंदीच्या खोडावर जागोजागी डोळे असतात. शेंडा गेला की ते फुटतात. सालीखाली वाढता थर असतो, त्यामुळे जखम भरते. भेरली माडासारख्या पामाला यांतले काहीच नाही. एका खोडाला वाढीचा कोंब एकच, तोही माथ्यावर, पानांच्या गाभ्यात दडलेला. तो गेला की ते खोड संपले. खोडावर पडलेली खाचही जन्मभर तशीच राहते. तेव्हा दिवाळीच्या माळेसाठी त्यात खिळा ठोकू नका.

म्हणून कुंडीसाठी शक्यतो बेटाने वाढणारा पाम घ्यावा. एक खोड गेले तरी बाकीची असतात. अरेका पाम असा आहे. त्याचे नाव मात्र फसवे. अरेका हे शास्त्रातले नाव सुपारीचे. रोपवाटिकेतला हा पिवळसर देठांचा पाम मादागास्करचा. त्याला भरपूर उजेड हवा, पण दुपारचे ऊन नको. घरात उजेड कमी असेल तर दक्षिण चीनकडचा ऱ्हापिस घ्या. त्याची पाने पंज्यासारखी, वाढ अगदी सावकाश, आणि सावलीबद्दल त्याची तक्रार नसते.

‘बॉटल पाम’ मागाल तेव्हा तर जरा थांबून विचारा. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, बुडाशी फुगलेला आणि बुटका. आपल्याकडे त्या नावाने पुष्कळदा रॉयल पाम हाती पडतो. तो क्यूबाकडचा, वीस मीटरपर्यंत सहज जाणारा. त्याची वाळलेली झावळी वरून पडते तेव्हा खाली मोटार नसावी, आणि माणूस तर नसावाच.

आता पाणी. कुंडीतला पाम तहानेपेक्षा आपल्या मायेनेच अधिक मरतो. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. वरची माती सुकली असेल तरच पाणी द्यावे, आणि कुंडीखालच्या बशीत साचलेले ओतून टाकावे. मुळे कोंडलेली दिसली तर एकच माप मोठी कुंडी घ्यावी, पण खोड पूर्वीपेक्षा खोल पुरू नये. खालची पाने पिवळी पडू लागली की कात्री घेऊन धावणारे लोक आहेत. धावू नका. पोटॅशची उणीव पडली की पाम जुन्या पानातले पोटॅश काढून नव्याला देतो. पान पुरते वाळेपर्यंत त्याचे काम संपलेले नसते.

पाम जगेल की नाही अशी शंका आली, तर मधले मिटलेले, भाल्यासारखे पान दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहा. ते घट्ट असेल तर धीर धरा. अलगद हाती आले आणि बुडाशी कुजका वास आला, तर त्या खोडाची आशा सोडा.

माझ्या त्या कुंडीत आईने अळू लावले आहे. त्याला मी कात्री लावली तर तिची हरकत नसते.