स्वागताध्यक्षीय भाषण : पुणेनगरी आणि इन्फ्लुएन्झाची लस



मुळा-मुठेच्या काठी भरलेल्या या परिषदेत सर्वांचे स्वागत करताना स्वागत समितीला धन्यता वाटते. विद्येचे माहेरघर म्हणून पुण्याचा लौकिक आहेच; परंतु साथींशी झुंजलेले शहर ही त्याची तितकीच मोठी ओळख आहे. 1897च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालविला. मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे आलेल्या त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले. मातेचे नाव देशभर पोहोचले, मात्र त्या डॉक्टर पुत्राची आठवण नगरीने पुरेशी जपली नाही. पुढे 1952 साली येथेच विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले, जे आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, या नावाने सर्वपरिचित आहे. 2009च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळीही पुण्यातच गेला, आणि नायडू रुग्णालयापुढे तोंडाला रुमाल बांधलेल्या नागरिकांच्या रांगा लागल्या.

इन्फ्लुएन्झाची लस हा परिषदेचा विषय या स्मृतींशी जोडलेला आहे. प्रचलित लस मुख्यतः प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चिकटून त्याला अडविणारे रेणू, तयार करते. ती प्रथिने सतत बदलत असल्याने लसही वरचेवर बदलावी लागते. याउलट टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशी विषाणूच्या अंतर्भागातील, फारशा न बदलणाऱ्या प्रथिनांचे तुकडे ओळखून बाधित पेशींचा नाश करतात. त्यामुळे संसर्ग टळला नाही, तरी आजाराची तीव्रता घटू शकते. 2009च्या साथीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील अभ्यासात अशा टी पेशी अधिक असलेल्यांचा आजार सौम्य राहिल्याचे आढळले. तथापि ओळखले जाणारे तुकडे व्यक्तीच्या आनुवंशिक घडणीनुसार बदलतात, म्हणून लसीसाठी सर्वांना उपयोगी पडतील अशा तुकड्यांची निवड करणे हे अवघड काम आहे.

निवासव्यवस्था तीन ठिकाणी विभागावी लागली, पावसामुळे भोजनमंडप आयत्या वेळी हलवावा लागला आणि काही प्रतिनिधींना स्थानकावर वाहनासाठी ताटकळावे लागले, याबद्दल समिती अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, शिधा पुरविणारे व्यापारी, घरे मोकळी करून देणारी कुटुंबे, पहाटेपासून राबणारे विद्यार्थी स्वयंसेवक आणि नाव न सांगता देणगी देणारे नागरिक यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

प्रतिनिधींनी पाहुणचारातील उणिवा पोटात घालाव्यात आणि विषाणू बदलला तरी माणसाला तारणारी लस घडविण्याचे काम पुढे न्यावे, एवढीच या नगरीची विनंती आहे.