बोटावरील आकडा
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील अहवालात अन्यत्र छापला आहेच. तो वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. आज एका लहानशा उपकरणाविषयी व त्यावरून मंडळाने घेतलेल्या एका निर्णयाविषयी बोलावयाचे आहे.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या वाडीवरील एक वृद्ध गृहस्थ धाप लागल्यामुळे दाखल झाले. घरी दोन दिवस बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिले जात होते. आकडा ९४ च्या खाली येत नव्हता, म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. आमच्याकडे धमनीतील रक्त तपासले तेव्हा प्राणवायूची संपृक्तता ८६ टक्के निघाली. उपचारांनी ते बरे होऊन घरी गेले. परंतु त्यांच्या चिरंजीवांनी ते यंत्र आमच्या टेबलावर ठेवून विचारले, "साहेब, मग हा आकडा खोटा होता का?" आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. पुढे डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते मांडतो.

हे यंत्र रक्त मोजत नाही, रक्ताचा रंग मोजते. चिमट्याच्या एका बाजूस दोन बारीक दिवे असतात. एक सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा, दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते, प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त अधिक. पलीकडे किती प्रकाश पोहोचला यावरून प्रमाण काढतात. एके काळी प्रयोगशाळेतील मोठ्या वर्णपटमापकाचे असलेले हे काम आज दोन बोटांच्या चिमटीत मावते.

पण बोटात त्वचा आहे, हाड आहे, शिरांतील रक्त आहे. तेही प्रकाश शोषतातच. ही अडचण जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास सोडविली. ते खरे तर हृदयाचे रक्तक्षेपण मोजण्याच्या खटपटीत होते आणि नाडीचे ठोके त्यांच्या मापनात व्यत्यय आणीत होते. हा व्यत्ययच उपयोगी आहे हे त्यांनी ओळखले. ठोक्यागणिक बदलते ते धमनीतील रक्त, बाकी सारे स्थिर. आमच्या भाषेत सांगावयाचे तर स्थिर खर्च वजा करून बदलता खर्च तेवढा पाहणे!

मग चूक कोठे होते? हात गार असतील, नाडी मंद असेल, तर बदलता भागच क्षीण होतो. दुसरे असे की, प्रकाशाच्या प्रमाणावरून टक्केवारी ठरविण्याचे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर तयार होते, आणि त्वचेतील कृष्णरंजक द्रव्यही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले की, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत रक्तातील खरी संपृक्तता ८८ च्या खाली होती. गौरवर्णीयांत हे प्रमाण ३.६ टक्के होते. उन्हातान्हात राबणाऱ्या आमच्या रुग्णांच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही. शिवाय दोन दिव्यांच्या हिशेबात दोनच अज्ञात सुटतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईड भिनला, तर साधे यंत्र त्यालाच प्राणवायू समजते आणि उत्तम आकडा दाखविते.

यापुढील संशोधन प्रकाशाला चिपवर खेळविण्याचे आहे. वाट जितकी लांब तितके शोषण अधिक, हा जुना नियम. चिपवर तर जागाच नाही. म्हणून सूक्ष्म वाहिनीचे कडे करून प्रकाशाला त्यात असंख्य प्रदक्षिणा घालावयास लावतात. कल्पना मोठी सुंदर आहे. मात्र एका हितचिंतकांनी न टोचता रक्तशर्करा सांगणारी घड्याळे देऊ केली, तेव्हा आम्ही ती नम्रपणे नाकारली. अशा एकाही घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. गैरसमज नसावा.

शंका आली की धमनीतील रक्ताची चाचणी हाच आधार. आमच्या रक्तवायू विश्लेषकात प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी वापरल्या जातात. त्यामुळे कार्बन मोनॉक्साईडही वेगळा कळतो. यंत्र देणगीतून आले, पण त्याची संचपाकिटे महाग. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, पाकिटावर लागत नाही. त्यामुळे पाकिटांसाठी देणगी क्वचितच येते. ही चाचणी काटकसरीने करावी, अशी लेखी सूचना आम्हीच काढली होती. त्या रात्री ड्यूटीवरील डॉक्टरांनी ती बाजूस सारून चाचणी केली, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

मंडळाने आता या चाचणीसाठी स्वतंत्र निधी उघडला आहे. त्याचा अर्ज अहवालाच्या शेवटी जोडला आहे. आप्तजनांना विनंती एवढीच की, धाप वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल, तर आकडा कितीही चांगला असो, त्याला घेऊन यावे. रात्री कितीही वाजता यावे. काटकसरीची ती सूचना आम्ही मागे घेतली आहे.