पासष्ट हजार पाचशे सदतीस



नेदरलँड्समध्ये हेग शहराला लागून लायडस्खेनडाम-फोरबर्ग हे गाव आहे. तिथे फोरबर्ग स्टेशनाशेजारी, चहूबाजूंनी पाणी असलेला सतराव्या शतकातला एक वाडा आहे, होफवाइक. हा हायगेन्स घराण्याचा. शनीची कडी ओळखणारे, लंबकाचं घड्याळ बनवणारे क्रिस्तियान हायगेन्स आयुष्याच्या उतरणीला इथेच येऊन राहिले. आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे.

या हायगेन्सना १६५९ मध्ये फ्रेंच गणिती फर्मांचं एक पत्र, कार्काव्ही या त्यांच्या मित्रामार्फत, मिळालं. त्यात एक दावा होता. दोनचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्या, घातांक असाच दुप्पट करत जा आणि दरवेळी उत्तरात एक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. या ओळीतली प्रत्येक संख्या मूळ संख्या, असं फर्मांचं म्हणणं. हायगेन्सचं मन मात्र भिंगांत आणि लंबकात रमलेलं. त्यांनी हा धागा पुढे नेला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

कारण ६५५३७ फार सुंदर संख्या आहे. २५६ चा वर्ग ६५५३६. म्हणजे हिला अवयव असतीलच, तर त्यातला एक २५६ च्या आतच सापडायला हवा. तिथवर मूळ संख्या चौपन्न. पण गणिती ऑयलरनी पुढे सिद्ध केलं, की हिला भागणारी मूळ संख्या ३२ च्या पटीहून एकने मोठीच असणार. मग उरतात दोनच, ९७ आणि १९३. ९७ ने भागा, बाकी ६२. १९३ ने भागा, बाकी ११०. झालं! संख्या मूळ ठरली. कागद-पेन्सिल घेऊन जरूर करून पाहा.

हीच युक्ती पुढच्या संख्येला लावा. दोनचा बत्तिसावा घात अधिक एक, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. इथे पट ६४ ची. १९३, २५७, ४४९, ५७७ यांनी भाग जात नाही. पाचवी ६४१, आणि बाकी शून्य! भागाकार ६७,००,४१७. ऑयलरनी १७३२ मध्ये हे दाखवलं आणि फर्मांचा दावा कोसळला. पाच उदाहरणं जुळली, सहावं फसलं.

पण ६५५३७ चं महत्त्व उरलंच. गणिती गाऊसच्या सिद्धांतानुसार इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. आणि आज इंटरनेटवर आरएसए पद्धतीने संदेश कुलूपबंद करताना सार्वजनिक किल्लीत बहुतेक वेळा हीच संख्या असते. द्विमान पद्धतीत तिच्या दोन टोकांना एक आणि मध्ये पंधरा शून्यं. त्यामुळे संदेशाच्या संख्येचा ६५५३७ वा घात काढायला संगणकाला सोळा वेळा वर्ग आणि एक गुणाकार पुरतो.

फर्मांच्या ओळीत हिच्यानंतर एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पुढच्या सलग अठ्ठावीस संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यानंतरची, दोनच्या घातांकात दोनचा तेहतिसावा घात असलेली, अजून अनिर्णित आहे.