देहमंदिराची निगा
(जांब समर्थ येथे जमलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही आत्म्याविषयीच बोलू, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, अशी संत पौलाची शिकवण आहे. मंदिराची भिंत खचत असता आपण नुसती घंटा वाजवीत बसावे काय?

या गावास हा विचार परका नाही. इ. स. १६०८ साली येथे जन्मलेल्या रामदासांनी बलोपासना शिकविली. शेजाऱ्याच्या अंगणातील चांगली गोष्ट घेण्यात आपणांस कमीपणा नाही.

प्रथम अन्न. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी-अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि हंगामात आपल्या जालन्याची मोसंबी, एवढे असता पुड्यांतील खाऊची काय मातब्बरी? पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातील लोह अंगी लागते. तान्ह्यास पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. आणि घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या माउलीच्या ताटात काय उरते, हे पुरुषांनी रोज पाहावे.

दुसरा व्यायाम. शेतात राबणाऱ्यास तालमीची गरज नाही. पण बसून काम करणाऱ्याने रोज अर्धा तास तरी झपझप चालावे. जवळच्या वस्तीवर मिस्सेसाठी आम्हीही फटफटीवरून जात असू. आता पायी जातो.

तिसरी गोष्ट लसीची. इ. स. १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीस देवीची लस टोचली; हिंदुस्थानातील ती पहिली. त्याच मार्गाने १९७५ नंतर देवी आपल्या देशातून गेल्या. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा येथील शेवटचा रोगी २०११ साली आढळला.

हे सारे ठाऊक असूनही आम्ही चुकलो. एका माउलीने विचारले, "फादर, दीड महिन्याच्या सुईने लेकराला ताप आला, पुढच्या देऊ का?" आम्ही घाईत होतो. "तुमच्या मनाला पटेल तसे करा," म्हणून निघून गेलो. पुढच्या सुया राहिल्या. ते कुटुंब ऊसतोडीस गेले आणि लेकरू गोवराने अंथरुणास खिळले. प्रभूच्या कृपेने ते वाचले. पण त्याच्या उशाशी बसलो असता आमच्या त्या उत्तराची आम्हांस लाज वाटली. एक-दोन दिवसांचा हलका ताप ही बहुधा भिण्याची गोष्ट नव्हे, एवढे सांगावयास कितीसा वेळ लागला असता!

म्हणून आज सांगतो. जन्मतः, मग दीड, अडीच, साडेतीन व नऊ महिन्यांनी, दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढे पाच, दहा व सोळा या वर्षी लस देववावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते. ऊसतोडीस जाल तेथेही मिळते. लसीचे कार्ड मात्र जवळ बाळगा. एखादी सुई चुकली तर पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही, राहिलेल्या घ्याव्या. बाप्तिस्म्याचा दाखला ज्या पेटीत जपता, तीतच ते कार्ड ठेवा.

आपले लेकरू लस घेते तेव्हा शेजारचे दुबळे लेकरूही राखले जाते. शेजारप्रीतीचा याहून सोपा पाठ कोणता?

देवमाता मरिया आपल्या घरांचे रक्षण करो. आमेन.