गौरवगीतानंतर काय?

(परिचारिका दिनानिमित्त अंबाजोगाईत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, आणि आत्ताच गाऊन खाली बसलेल्या भजनी मंडळातल्या भावांनो,

युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांवर तुम्ही गाणं बसवलंत, याचा मनापासून आनंद झाला. मुकुंदराज-दासोपंतांच्या या गावात टाळ-मृदंगाला तोटा नाही. पण रणाचं गाणं म्हटलं की आपल्याकडे पोवाडा, आणि पोवाडा म्हटला की तलवार. जखमा करणाऱ्याचं नाव डफावर चढतं, जखमा धुणारीचं राहून जातं. आज ते काम पुरुषांच्या तोंडून गायलं गेलं, हे थोडं नाही.

तरी एक गोष्ट खटकली. तुमच्या गाण्यात ती माता होती, देवी होती, त्यागमूर्ती होती. नोकरी करणारी बाई मात्र कुठे नव्हती. देवीला पगार लागत नाही, रजा लागत नाही, रात्रपाळीहून सुखरूप घरी पोचायला वाहनही लागत नाही.

लष्करातल्या परिचारिकांचंच बघा. १८८८ साली दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथून आपल्याकडची ही सेवा सुरू झाली. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, अध्यादेश निघून त्यांना अधिकारीपद मिळालं. मात्र १९७७ च्या नियमांत लग्न हे नोकरीवरून काढण्याचं एक कारण होतं. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं गेलं. १९९५ मध्ये तो नियम मागे घेतला, पण त्यांची गेलेली नोकरी परत आली नाही. त्या लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. न्याय मिळायला छत्तीस वर्षं लागली! नियम फक्त बायकांना होता. लग्न केलं म्हणून एखाद्या जवानाची नोकरी गेल्याचं कधी ऐकलंय?

साथ हीसुद्धा लढाईच. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. थाळ्या मांडणीवर परत गेल्या, पण कंत्राटी परिचारिकांचे प्रश्न तिथेच राहिले.

म्हणून भावांनो, गाणं थांबवू नका, पुढचं कडवं जोडा. त्यात तिच्या पगाराचं, पाळीचं, सुरक्षिततेचं येऊ द्या. कडवं रचताना तिलाच शेजारी बसवा. जात्यावर ओवी रचणाऱ्या बायकांना शब्द उसने घ्यावे लागत नव्हते, तिलाही लागणार नाहीत. ती रात्रपाळीला गेली की घरची चूल तुम्ही सांभाळा.

आणि मैत्रिणींनो, परिचारिका हक्कांसाठी धरण्याला बसतील तेव्हा आपण तिथे असलंच पाहिजे. त्या मांडवात या भावांचे टाळ वाजले, तर मी म्हणेन, गौरव झाला.